मोरीतून पुढे

कोल्हापूरला पाण्याची ददात नाही, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले, रंकाळा तर आहेच आणि २०२३च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाइपलाइनने शहरात आले. पाणी येते कुठून हे घरातले पोरही सांगते. मोरीतून ते जाते कुठे, असे विचारले की मात्र सगळे गप्प!

आम्ही उर्दू शाळेतल्या चार शिक्षिका. सातवीच्या वर्गात हा प्रश्न टाकला. गटारात, गटारातून जयंती नाल्यात, नाल्यातून पंचगंगेत, असे करत मुले नदीपर्यंत पोहोचली. तेवढ्यात मागच्या बाकावरची मुलगी उठली. "मॅडम, माझी खाला इचलकरंजीला राहते. ती आमच्या मोरीचं पाणी पिते?"

आम्हाला लगेच काही बोलता येईना. जयंती नाला अडवून त्याचे पाणी उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रात नेतात, हे खरे. पण जोराचा पाऊस झाला किंवा उपसा थांबला की नाला सांडतो आणि मैला थेट नदीत जातो. उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच पडतो, तो याच नदीवर. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची साथ आली, माणसे गेली. आपल्यापैकी किती घरांचे सोयरे तिथल्या यंत्रमागांवर आहेत, हे सांगायला नको.

तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी आम्ही मुलांना आणि त्यांच्या अम्मींना घेऊन पाणी तपासतो. औषध घातलेली एक छोटी बाटली मिळते. तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचे. काळे पडले तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची शक्यता मोठी. दुसरी ओटी टेस्ट. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले आणि पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. नाल्याची बाटली दर वेळी काळीच होते, त्यात नवल नाही. नवल वाटले ते मोहल्ल्यातल्या एका गल्लीचे. तिथे ओटी पिवळी होईचना, आणि नळाची बाटलीही काळी पडली.

कारण सापडायला तीन महिने लागले. घरांचे नळाचे जुने पाइप गटारातूनच गेलेले, दोन ठिकाणी गंजून फुटलेले. पाणी सुरू असते तेव्हा दाबामुळे घाण आत येत नाही. पुरवठा बंद झाला की पाइप गटारातले पाणी ओढून घेतो, आणि सकाळी पहिल्या धारेला तेच हंड्यात. "शिकवायचं सोडून गटारं काय हुंगताय?" असे विचारणाऱ्या एका चाचींनीच पुढे वर्गणी काढली आणि पाइप गटाराबाहेरून घेतले.

झाडांचे काम त्याहून चिवट. पावसाळ्यात रोपे वाटायची हौस सर्वांना, तीही गुलमोहराची. गुलमोहर दिसतो छान, पण तो मादागास्करचा. काठाची माती धरून ठेवायला आपली जुनी मंडळी बरी: वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ. वाळुंजाची फांदी ओल्या मातीत खोचली तरी मुळे धरते. करंजाच्या शेंगा मुलांनी वेचून आणल्या आणि दुधाच्या पिशव्यांत बिया रुजवल्या. नाल्याकाठी लावलेल्या चाळीस रोपांपैकी सव्वीस उरली आहेत. काही शेळ्यांनी खाल्ली, काही कचऱ्याच्या आगीत गेली.

मार्च-एप्रिलात पाणी कोण घालणार, हा प्रश्न होताच. वजूच्या पाण्यात साबण नसतो, तेल नसतो, तरी ते मैल्याच्या गटारातच जात होते. मशिदीच्या मुतवल्लींनी वजूखान्याच्या नळीला एक टाकी जोडून दिली. जुम्म्याला ती दुपारीच भरते. मुले डबे घेऊन येतात, भांडतातही, कारण प्रत्येकाला आपल्याच झाडाला दोन डबे जास्त हवे असतात.

खालाचा प्रश्न विचारणारी मुलगी आता नववीत आहे. वहीत नाल्याच्या बाटलीची नोंद तीच करते. गेल्या महिन्यात तिने 'काळी' लिहून पुढे तारीख आणि वेळही घातली, कारण त्या सकाळी उपसा बंद होता. या वहीची नक्कल काढून प्रभाग कार्यालयात द्यायची, असे अम्मींनी ठरवले आहे. सोबत कोणी जायचे, यावर अजून वाद चालू आहे.