टँकरची वही

निवृत्तीनंतर दरमहा चार पैसे हाताशी यावेत म्हणून भाड्याने द्यायला पुण्यात फ्लॅट घ्यायचा होता. वाघोलीत एक टू बीएचके 55 लाखांत मिळत होता. भाडं सहज 22 हजार येईल, असं एजंट म्हणाला. म्हणजे वर्षाचे 2 लाख 64 हजार! सोबत ताई होती. सोसायटीच्या खजिनदारकीत तिची बरीच वर्षं गेली आहेत. ती म्हणाली, "भाडं किती येतं ते कुणीही सांगेल रे. उरतं किती ते बघ."

"पाण्याचं काय?" तिने विचारलं.

"चोवीस तास आहे मॅडम," म्हणत एजंटने स्वयंपाकघरातला नळ सोडून दाखवला. धार जोरदार होती.

ताई खाली उतरली ती थेट वॉचमनच्या केबिनपाशी. टेबलावर कडा दुमडलेली एक लांबट वही होती. तारीख, गाडी नंबर, '10 हजार लि.', सही. तिने पानं मागे उलटली. डिसेंबरात रोज दोन टँकर, मे महिन्यात सहा, कधी सात. "उन्हाळ्यात बोअर आटतं ना," वॉचमन म्हणाला.

शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात. चौघांच्या घराला 540, आणि सोसायटीतले 120 फ्लॅट म्हणजे जवळपास 65 हजार लिटर, साडेसहा टँकर. थोडक्यात, मे महिन्यात तिथलं सगळंच पाणी विकतचं. वाघोली 2021 साली महापालिकेत आली, पण या सोसायटीत पालिकेचं पाणी आलेलं नव्हतं. टँकर बाराशेला पडत होता. उन्हाळ्यात फ्लॅटमागे महिना 1,950 रुपये, एरवी सहाशे. वर्षाला 11-12 हजार, आणि तेही मेंटेनन्सच्या बिलात नाहीत, वेगळी वर्गणी.

मग एकेक खर्च पुढे आला. मेंटेनन्स महिना 4,200. घर भाड्याने दिलं की सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. महाराष्ट्रात त्याला सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे इथे वर्षाला तीनेक हजार. एजंटने दाखवलेली मिळकतकराची पावती कमी रकमेची होती, कारण विकणारे स्वतः तिथे राहत होते. पुण्यात मालक राहत असेल तर 40 टक्के सवलत मिळते, भाडेकरू ठेवला की ती जाते. म्हणून कराचे 14 हजार धरले. रंगकाम, नळ, गिझर, बाथरूमची गळती यांना 20 हजार. लाइट बिल भाडेकरू भरतो, पण घर रिकामं असलं तरी स्थिर आकार चुकत नाही. आणि वर्षातला एक महिना घर रिकामं राहणार हे गृहीतच. पाण्याला कंटाळून भाडेकरू ऐन मे महिन्यात सोडून गेला, तर एकावर भागणारही नाही.

अकरा महिन्यांचे 2 लाख 42 हजार, त्यातून सुमारे एक लाखाचा खर्च वजा. उरले 1 लाख 42 हजार. 55 लाखांवर हे अडीच टक्क्यांच्या थोडंसं वर.

नंतर सहकारनगरला जुन्या इमारतीतला वन बीएचके पाहिला. किंमत 48 लाख, भाडं 17 हजार, लिफ्ट नाही, मेंटेनन्स दीड हजार, पालिकेचं पाणी. त्याच पद्धतीने हिशेब केला तर हातात 1 लाख 38 हजारांच्या आसपास. सात लाख कमी गुंतवून जवळपास तेवढंच उत्पन्न.

पण ताईने इथेही वह्या मागवल्या. तीन वर्षांचे ताळेबंद, सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल. तीस वर्षांपुढच्या इमारतीला ते दर तीन वर्षांनी करावं लागतं. सिंकिंग फंडात फारसं काही नव्हतं, आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव होऊन पडलेला. कमी मेंटेनन्सचं कारण तेच: काम पुढे ढकललेलं. आज ना उद्या प्रत्येकाला 60 हजार भरावे लागणार होते.

मालकांसमोर आम्ही तो ठराव ठेवला. जरा कुरकुर झाली, पण 60 हजार किमतीतून कमी झाले. सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला हातात आल्यावरच मी टोकनचा चेक लिहिला.