मंजूर भार

या ब्लॉगवर येणारे निम्मे लोक लिनक्स कोळून प्यायलेले आहेत आणि उरलेले निम्मे म्हणजे माझे मामा, मावश्या आणि त्यांची मुलं. आजचा विषय कर्नेलचा असला तरी तो दुसऱ्या निम्म्यांसाठी आहे, कारण "तू नक्की करतेस तरी काय गं?" हा प्रश्न दर लग्नात तेच विचारतात. पहिल्या निम्म्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल.

तर मंडळी, घरचं लाईटचं बिल काढा. महावितरणच्या बिलावर "मंजूर भार" असं लिहिलेलं असतं आणि पुढे किलोवॅटमध्ये एक आकडा. एका वेळी तेवढी वीज ओढायची तुम्हाला परवानगी आहे. एसी बसवायचा तर आधी अर्ज करून तो भार वाढवून घ्यायचा. आपण काय करतो? एसी आणतो, ओळखीच्या वायरमनला बोलावतो आणि लावून टाकतो. अर्जाचं नंतर बघू. फ्यूज उडाला की मग धावाधाव.

मी ज्या राऊटरांचं सॉफ्टवेअर लिहिते, त्यांच्या तोंडाशी चौकोनी खाचा असतात. त्यात जेमतेम बोटाएवढं एक मॉड्यूल बसतं, त्याला एसएफपी म्हणतात. डब्यातल्या विजेच्या सिग्नलचा प्रकाश करून तो फायबरमधून पलीकडे पाठवायचा आणि पलीकडून आलेल्या प्रकाशाची पुन्हा वीज करायची, एवढंच त्याचं काम. शेजारच्या खोलीपर्यंत प्रकाश पाठवायला थोडक्यात भागतं. पण दहा गिगाबिटच्या वेगाने ८० किलोमीटर पाठवायचा तर लेसर दणकट लागतो आणि वीजही जास्त लागते. म्हणून या मॉड्यूलांच्या विजेच्या पायऱ्या ठरवल्या आहेत: पहिली १ वॅटपर्यंत, दुसरी १.५, तिसरी २.

ज्यांनी हे नियम केले त्यांचं मला फार कौतुक वाटतं. मॉड्यूल खाचेत घातलं की ते पहिल्या पायरीवरच जागं व्हायला हवं, म्हणजे १ वॅटच्या आत. जास्त भूक असेल तर ते आपल्या पोटातल्या छोट्याशा मेमरीत तसं लिहून ठेवतं आणि गप्प बसून राहतं. ते वाचायचं काम यजमानाचं, म्हणजे आमच्या डब्याचं. परवडत असेल तर यजमानाने मॉड्यूलच्या दुसऱ्या पत्त्यावर, ११८ व्या बाइटमधला सर्वांत खालचा बिट १ करायचा. म्हणजे अर्ज मंजूर. मग लिनक्सचा ड्रायव्हर ३०० मिलिसेकंद थांबतो आणि पुढच्या कामाला लागतो. मॉड्यूल काढून परत घातलं की पुन्हा पहिल्यापासून, आधीची मंजुरी धरत नाहीत. थोडक्यात, हा एसी आधी अर्ज करतो!

लिनक्समधला हा एसएफपी ड्रायव्हर रसेल किंग यांचा. २०१७ साली ४.१४ या आवृत्तीत तो कर्नेलमध्ये आला. त्याला प्रत्येक खाचेची ऐपत सांगावी लागते. डब्याच्या हार्डवेअरचं वर्णन करणारी एक फाइल असते, डिव्हाइस ट्री म्हणतात तिला. तिच्यात मिलीवॅटमध्ये एक आकडा लिहायचा. नाही लिहिला तर ड्रायव्हर १ वॅट धरून चालतो. मॉड्यूलची मागणी त्याहून मोठी निघाली तर लॉगमध्ये शांतपणे नोंद करतो की हे यजमानाला झेपणार नाही, मॉड्यूल पहिल्या पायरीवर ठेवलं आहे. ज्या मॉड्यूलला तो दुसरा पत्ताच नाही, त्याची गोष्ट वेगळी. त्याला थोपवायचं कुठे? ते आल्या आल्या सगळी वीज ओढत असणार असं गृहीत धरून त्याला सरळ नकार मिळतो.

अर्थात मॉड्यूलच्या मेमरीतला मजकूर म्हणजे शेवटी स्वयंघोषणापत्रच. खाली सही त्याचीच. एका डीएम७०५२ नावाच्या मॉड्यूलसाठी ड्रायव्हरमध्ये खास टीप लिहावी लागली होती. ते मोठ्या भुकेचं आहे असं सांगायचं, दुसऱ्या पत्त्यावर काहीही विचारलं तरी सगळे बिट १ असंच उत्तर द्यायचं आणि लिहायला गेलं की दाद द्यायचं नाही. आमच्या वाड्यात एक आजोबा होते, त्यांना काहीही विचारलं की "हो हो" म्हणायचे आणि करायचे काहीच नाहीत. त्यांची आठवण आली. ड्रायव्हरने यावर काढलेला मार्ग मला आवडला: तो बिट आधीच १ दिसत असेल तर मंजुरी मिळालेलीच आहे असं समजायचं आणि पुढे जायचं. वाद घालायचा नाही.

असो. आता ऑफिसातल्या घमासानाकडे वळू.

आमचा डबा बिनपंख्याचा, चार खाचांचा. खानदेशातल्या एका छोट्या इंटरनेटवाल्याने तो घेतला. तालुक्याच्या गावापर्यंत लांबची एकच फायबर, तिच्यासाठी त्याने ८० किलोमीटरवालं मॉड्यूल विकत आणलं आणि आमच्या डब्यात घातलं. लिंक येईना. लॉगमध्ये वर सांगितलेली ती शांत ओळ. त्याचं म्हणणं, हेच मॉड्यूल दुसऱ्या कंपनीच्या डब्यात चालतं, म्हणजे तुमचा डबाच खराब. (त्या डब्याला पंखा होता, हे नंतर कळलं.) त्याचाही नाइलाज होता. त्या एका तारेवर अख्ख्या गावाची गिऱ्हाइकं, आणि ती रोज त्याच्या दुकानात येऊन बसत होती.

आमच्या सेल्सवाल्या साहेबांचा फोन आला. "अगं, एक ओळ तर लिहायची आहे! चारही खाचांना २००० लिही, आज संध्याकाळी पाठवून दे."

ते खोटं बोलत नव्हते. खरंच एक ओळ होती, दहा मिनिटांचं काम. लिहिली असती तर लिंक आली असती, त्यांचा महिना सुटला असता आणि मला घरी लवकर जाता आलं असतं. पण ती ओळ माझी नव्हे. माझ्या फाइलमध्ये असली तरी ती बोर्डाबद्दलचं विधान आहे. मी २००० लिहिलं म्हणून रेग्युलेटरमधून जास्त अँपिअर निघत नाहीत. आणि आमच्या त्या अर्ज करणाऱ्या शहाण्या मॉड्यूलला पुढे काही दिसत नाही, ते माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून वीज ओढायला लागतं.

मी साहेबांना म्हणाले, "काकांना विचारून सांगते." ते म्हणाले, "हार्डवेअरवाले नाहीच म्हणणार." मी म्हटलं, "म्हणूनच विचारते."

हार्डवेअरचे काका म्हणजे आमच्याकडचे सर्वांत जुने. त्यांनी पेन्सिल काढली. चारही खाचा ३.३ व्होल्टच्या एकाच रेग्युलेटरवर. तो ३ अँपिअरचा, त्यातला १ बोर्डावरच्या इतर चिपा खातात. चार खाचांना प्रत्येकी १ वॅट म्हणजे १.२ अँपिअर. झकास. प्रत्येकी २ वॅट म्हणजे २.४, एकूण ३.४. बाद! प्रत्येकी १.५ वॅट धरले तर एकूण २.८. मी म्हटलं, "कागदावर बसतंय की." काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "कागद एसीत आहे, बाळ. डबा कुठे आहे?"

डबा होता पत्र्याच्या पेटीत, खानदेशात, आणि एप्रिल चालू होता. बाहेरच ४४ अंश. या मॉड्यूलांच्या साध्या जातीला स्वतःच्या कवचापाशी ७० अंशांपर्यंतच चालतं. त्याच्या पुढचं ८५ वालं औद्योगिक मिळतं, पण किंमत बघून आमचा इंटरनेटवाला हसला असता किंवा रडला असता.

मग चार दिवस डबा तापमानाच्या कपाटात. मॉड्यूल स्वतःचं तापमान सांगतं ही एक मोठी सोय, ड्रायव्हर ते वाचून देतो, आपण नुसतं बघत बसायचं. कपाट ५५ वर ठेवून चारही खाचांत १.५ वॅटवाली घातली तेव्हा मधल्या दोन्ही खाचांनी तासाभरात ७० ओलांडलं. फक्त पहिल्या आणि चौथ्या खाचेत घातली, मध्ये १ वॅटवाली ठेवली, तर चौघंही ७० च्या आत राहिली. अगदी काठावर, पण आत. रेग्युलेटरचा हिशेब २.५ अँपिअर.

नशिबाने कर्नेलमध्ये हा आकडा खाचेगणिक लिहिता येतो. पहिल्या आणि चौथ्या खाचेला १५००, मधल्या दोघांना १०००. चारही मिळून एकूण एवढंच, अशी एकत्रित मर्यादा सांगायची सोय मात्र या ड्रायव्हरमध्ये नाही, त्यामुळे तो हिशेब माणसाने करून चार आकड्यांत वाटून द्यावा लागतो. (मोठ्या स्विचांचं जग निराळं. तिथल्या मॉड्यूलांच्या पायऱ्या १.५ वॅटपासून ५ च्याही पुढे जातात. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या ५.१६ कर्नेलपासून इथटूलने असं धोरण ठरवता येतं की पोर्ट चालू केलं तरच मॉड्यूलला पूर्ण वीज द्यायची, अर्थात ड्रायव्हरला ते येत असेल तर. आमच्या डब्याला एवढी श्रीमंती नाही.)

साहेब चिडले. पत्रकात "चार समान पोर्ट" असं छापलं होतं ना! त्यांची अडचण मला कळत होती, आकडा कमी लिहिला की गिऱ्हाइकाला तोंड त्यांनाच द्यावं लागतं. शेवटी मीटिंगमध्ये काकांनी कपाटातला आलेख भिंतीवर दाखवला आणि म्हणाले, "मेमध्ये तिथे कोण जाणार ते आधी ठरवा." कोणीच हात वर केला नाही. :)

नवी आवृत्ती पाचव्या दिवशी गेली. इंटरनेटवाल्याला फोनवर सांगितलं, "दादा, मॉड्यूल डावीकडून पहिल्या खाचेत घाला." लॉगमध्ये ओळ उमटली, मॉड्यूल १.५ वॅटच्या पायरीवर नेलं. दोनेक सेकंदांत लिंक आली. मागे दुकानात कोणीतरी "आलं, आलं" म्हणून ओरडलं तेही ऐकू आलं.

मे महिन्यात मी रोज सकाळी चहाबरोबर त्या मॉड्यूलचं आदल्या दिवसाचं तापमान बघायचे. सर्वांत वर गेलं ते ६६. पत्रक आता बदललं आहे, डब्यावर पहिल्या आणि चौथ्या खाचेशी लाल ठिपका छापतात. पुढच्या बोर्डावर काकांनी ३.३ व्होल्टला दोन रेग्युलेटर दिले आहेत. पंख्याचाही अर्ज केला आहे. तो अजून मंजूर व्हायचाय.