लांबचे पाणी

समुद्राविषयी मला कुणी काही शिकवावे, असे पन्नाशी उलटेपर्यंत मला वाटले नव्हते. माझा जन्म वसईच्या किनाऱ्यावरील कोळ्याच्या घरातला. सेमिनरीत जाण्यापूर्वी वडिलांनी मला एक गणित शिकविले होते. पुढे सेमिनरीतले लॅटिन विसरलो, ते गणित मात्र विसरलो नाही. तिथीची पाऊणपट करावी, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. भांगाचे पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. आमच्या घरी पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी कालनिर्णय टांगलेले असे आणि त्यातील तिथी वडील जपमाळेइतक्याच नेमाने पाहत.

तीन-चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात धर्मग्रामातील युवकांची सहल घेऊन मी दिवेआगरला गेलो. बस निघताना एका मुलाची आई खिडकीपाशी आली. पती निवर्तलेले, मुलगा एकुलता एक. ‘‘फादर, तुम्ही बरोबर आहात म्हणून पाठवते,’’ एवढेच ती म्हणाली.

दिवेआगरचा किनारा चार-पाच किलोमीटर लांब, सरळ आणि पसरट. वाळूला लागून सुरूचे बन, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने या वाड्यांची धूळधाण केली होती. आडव्या झालेल्या पोफळींच्या जागी लावलेली रोपे आम्हांला वाटेत दिसली. ज्यांच्या घरी उतरलो होतो ते गृहस्थ रात्री त्याच वादळाच्या गोष्टी सांगत बसले. आभाळ कसे काळवंडले, कौले कशी उडाली. त्या वादळाची सूचना आधीच मिळाली होती आणि किनाऱ्यावरची माणसे हलविली गेली होती. समुद्राचा कोप आभाळातून दिसतो, अशीच माझीही समजूत होती.

दुसऱ्या दिवशी अष्टमी होती. सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. वारा पडलेला, आभाळ निरभ्र, पाणी तळ्यासारखे. दहाच्या सुमारास मुलांनी पाण्यात उतरण्याची परवानगी मागितली. मी पाऊणपट करून दाखविली, थोडा मोठेपणाही मिरविला आणि म्हणालो, ‘‘जा, आज भांगाचे पाणी आहे. कमरेपेक्षा खोल जाऊ नका.’’

वीस-पंचवीस मिनिटे काहीच घडले नाही. मग क्षितिजाच्या बाजूने पाण्याला एक लांबलचक फुगवटा आला. त्यावर ना फेस, ना आवाज. वाळूजवळ आल्यावर मात्र तो एकाएकी उभा राहिला आणि कोसळला. त्यामागून दुसरा, तिसरा, असे पाच-सहा. परतणाऱ्या पाण्याने मुलांच्या पायाखालची वाळू ओढून नेली. बाकीची मुले धडपडत वर आली, तो एक मुलगा आत गेला. सगळे ओरडत होते. माझ्या तोंडून शब्द फुटेना. जवळच जाळे पाहत बसलेले एक वृद्ध कोळी गृहस्थ उठले, दोरीला बांधलेला मोकळा प्लास्टिकचा डबा घेऊन पाण्यात शिरले आणि मुलाला बाहेर काढून मगच थांबले. मुलगा खारे पाणी ओकला, बराच वेळ वाळूवर पडून राहिला आणि उठून बसला.

आभार मानताना मी कुठला, कोणाचा, हे त्यांनी विचारले. ऐकून ते जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. ‘‘कोळ्याचे ना तुम्ही? मग पाणी बघितलं नाहीत? हे इथलं पाणी नव्हे, लांबचं आहे. सकाळपासून मोजतोय मी. बराच वेळ काही नाही, मग एकदम पाच-सहा.’’

घरी परतल्यावर आईला मी सांगितले, ‘‘लाटेत थोडा ओढला गेला होता. देवाच्या कृपेने काही झाले नाही.’’ यात खोटे असे काही नव्हते. पण पापनिवेदन ऐकण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला अर्ध्या सत्याचा आवाज ओळखता येतो.

नाताळात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण रजेवर आला. तो मालदीवच्या एका बेटावर हॉटेलात नोकरीला आहे. तेथे लाटांवर फळी घेऊन स्वार होणारे, म्हणजे सर्फिंग करणारे पाहुणे येतात. त्यांचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. पाहुणे सकाळी उठल्याबरोबर आभाळ पाहत नाहीत, लाटांचा अंदाज पाहतात. त्यात तीन गोष्टी असतात: लाटेची उंची, तिची दिशा आणि दोन लाटांमधील सेकंद. तिसऱ्या आकड्यावर त्यांचा अधिक भर. सहा-सात सेकंद असतील तर ती जवळच्या वाऱ्याची लाट, पंधरा-सतरा असतील तर दूरवरून आलेली. तिला ते ‘स्वेल’ म्हणतात.

मग मी स्वतः वाचू लागलो. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला, अंटार्क्टिकाच्या अलीकडे, मोठी वादळे उठत असतात. तेथील वारा पाण्याला जी शक्ती देतो ती वादळ विरल्यानंतरही लाटांच्या रूपाने उत्तरेकडे चालत राहते. सतरा सेकंदांच्या लाटांची शक्ती दिवसाला सुमारे अकराशे किलोमीटर जाते. म्हणजे पाच-सहा दिवसांत आपल्या कोकणात. मालदीवहून दिवेआगर तिला जेमतेम दीड दिवसाचे अंतर! १९६३ साली वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह अशाच दक्षिणेकडील लाटांचा माग पॅसिफिक ओलांडून थेट अलास्कापर्यंत काढला होता.

पावसाळ्यात आपल्याला हे वेगळे कळत नाही. तेव्हा नैर्ऋत्येचा वारा दारातच असतो, समुद्र खवळलेला दिसतो आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते. नारळी पौर्णिमेनंतर पाणी निवळू लागते. हिवाळ्यात कधी वायव्येकडून, पार इराणच्या आखाताकडील वाऱ्यांच्या लाटाही येतात. उन्हाळ्यात दुपारचा खारा वारा बारीक, तुटक लाटा उठवितो, त्या सर्वांना दिसतात. फसवा काळ तो एप्रिल-मेमधील शांत सकाळीचा. केरळच्या कोळ्यांनी या पाण्याला ‘कल्लक्कडल’ म्हटले आहे, म्हणजे चोर समुद्र. २०१२ साली युनेस्कोनेही तो शब्द स्वीकारला. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था १९९९ साली स्थापन झाली. ती समुद्रस्थितीचे अंदाज देते आणि या चोर पाण्याच्या सूचनाही देते. ६ मे २०२४ रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील किनाऱ्यावर पाच वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. त्या दिवशीही सूचना दिलेली होती.

अंदाजातील उंचीबद्दलही मी फसलो असतो. एक मीटर म्हणजे सर्वांत उंच लाट एक मीटर, असे नव्हे. ती सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट जवळजवळ दुप्पटही येऊ शकते.

गालील सरोवरावरील वादळाच्या शुभवर्तमानावर मी पंचवीस वर्षे प्रवचने दिली आहेत. ते सरोवर एकवीस किलोमीटर लांब आणि तेरा किलोमीटर रुंद. तेथे डोंगरावरून वारा उतरतो आणि लाटा उठतात, वारा थांबला की लाटाही लवकरच बसतात. प्रभूने वारा आणि समुद्र या दोघांनाही वेगवेगळे दटावले, हे शुभवर्तमानकार मार्क सांगतो. मी मात्र इतकी वर्षे ते एकच वाक्य समजून वाचीत आलो. वडिलांचे गणितही चुकीचे नव्हते. ते चंद्राचे गणित होते, भरती-ओहोटी त्यानेच कळते. या लाटांचा तिथीशी काही संबंध नाही. तिथी पाहून झाल्यावर वडील तासभर पाण्याकडे नुसते पाहत बसत, ती गोष्ट मी शिकलोच नव्हतो.

त्या उपवासकाळात मी त्या आईच्या घरी गेलो. परवानगी मी दिली होती, गणित करून, पाण्याकडे न पाहता, हे सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. स्वयंपाकघरात जाऊन चहाचे भांडे चुलीवरून उतरविले, परत आली. मग विचारले, ‘‘तो फोनवरचा अंदाज मला बघता येईल का, फादर?’’

यंदाच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा दिवेआगरला गेलो. या वेळी ती स्वतः आली होती. सकाळ तशीच, वारा पडलेला, पाणी तळ्यासारखे. तिने फोन पुढे केला. ‘‘उंची एकच मीटर, फादर. पण सतरा सेकंद.’’ मुलांना सुरूच्या बनाकडे क्रिकेट खेळायला पाठविले आणि आम्ही वाळूवर बसून पाणी पाहू लागलो. जेवणाच्या वेळेपर्यंत विशेष काही आले नाही. मुले माझ्याशी बोलेनात. ‘‘रुसू देत,’’ ती म्हणाली आणि डबे उघडू लागली.