शेगावची कचोरी कुणाची?

शेगावची कचोरी मुळात वऱ्हाडी नव्हेच, असं म्हणणारा माणूस इतिहासाला धरूनच बोलतो. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी ती शेगावच्या रेल्वे स्टेशनावर रुजवली. मग ज्वारीच्या भाकरीवर पोसलेल्या बुलढाणा जिल्ह्यानं ती आपली म्हणून का मिरवावी? पण पदार्थाचं गोत्र असं मुळापासून काढायला बसलं, तर ज्या ठेच्यावर वऱ्हाड हक्क सांगतं त्यातली मिरचीही पोर्तुगिजांच्या जहाजांतून आलेली. पदार्थ आला कुठून यापेक्षा तो कुणाच्या गरजेला उतरला आणि कुणाच्या जिभेनं त्याला वळण लावलं, हे पाहावं. शेगाव मुंबई-हावडा मार्गावर आहे. गाडी थांबते ती जेमतेम दोन-चार मिनिटं. तेवढ्यात पैसे द्यायचे, पुडा घ्यायचा, पुन्हा जागा पकडायची. तिथं वाटी-चमच्याचे चोचले कोण पुरवणार? म्हणून ही कचोरी चपटी, हातात मावणारी, आत मुगाच्या डाळीचं कोरडं सारण, आणि सोबत मीठ लावलेली तळलेली हिरवी मिरची. चटणीवाचून हिचं अडत नाही. कचोरी पंजाबी माणसाची खरी, पण तो मिरचीचा चावा अस्सल वऱ्हाडी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेगाव गजानन महाराजांचं. 1878 साली ते तिथं प्रकटले, 1910 साली समाधिस्थ झाले, आणि त्यांच्या नावानं शिजते ती पिठलं-भाकरी. तेलात तळलेल्या मैद्याला त्या पंक्तीत बसवायचं काय? नाहीच बसवायचं. भाकरी घराची आणि मठाची, कचोरी वाटेची. महाप्रसाद तिथंच पानावर बसून घ्यायचा, कचोरी मात्र पुढच्या गावी न्यायची. म्हणूनच ती वऱ्हाडी माणसाला जन्मभर पुरते: लहानपणी खिडकीतून आत येते, शिकायला पुण्याला जाताना पिशवीत जाते, आणि म्हातारपणी डॉक्टरांनी तळण बंद केलं तरी नातवंडांसाठी पार्सल बांधून घेतलंच जातं. (मैदा रोज खायचा पदार्थ नव्हे, हे डॉक्टरांचं म्हणणं खरंच आहे, पण शेगावही रोज होत नाही.) आता कुठल्याही शहरात ‘शेगाव कचोरी’ची पाटी दिसते. त्याबद्दल तक्रार नाही. फक्त गोड चटणी ओतून, वर शेव भुरभुरून देणार असाल, तर पाटीवरचं शेगाव तेवढं पुसा.