रुसलेली पिकअप

बंद गाडी आणि आजारी माणूस यांच्याभोवती सल्ल्यांची वाण कधी पडत नाही. लक्ष्मीपूजनाच्या पहाटे छत्रपती संभाजीनगरात जाधववाडीच्या बाजाराकडे निघालेली झेंडूची पिकअप आमच्या नाक्यावर चहापुरती थांबली, ती थांबलीच! "काका, दुपारनंतर हा माल कुणी फुकटही नेणार नाही," गाडी हाकणारा शेतकऱ्याचा पोरगा काकुळतीने मला म्हणाला. जमलेल्यांपैकी एकाला डिझेलमध्ये हवा शिरल्याचा साक्षात्कार झाला. बाकीचे (साहजिकच) धक्का मारायला बाह्या सरसावू लागले.

शेजारच्या गॅरेजातले वृद्ध उस्ताद तेवढे शांत होते. "दिवे लावून चावी फिरव, बेटा." दिवे झगझगले, चावी फिरताच 'टक्' झाले आणि ते मालवले. उस्तादांनी बॅटरीच्या टोकांना बोट लावून पाहिले. एक टोक चांगलेच तापले होते! १२ व्होल्टच्या दिव्यांना घोटभर वीज पुरते. स्टार्टर शेकडो अँपिअर मागतो, आणि टोकावर साचलेला तो पांढरा-हिरवा क्षार नेमकी त्याचीच वाट अडवतो. उस्तादांनी आधी उणे टोक सोडवले, चहावाल्याकडचे कढत पाणी ओतले, कानशीने घासून पुसून दोन्ही टोके घट्ट आवळली.

दुसऱ्या चावीला इंजिन धडधडले. उस्तादांनी पैसे घेतले नाहीत. गॅरेजच्या दारापुरता झेंडू मात्र हक्काने मोजून घेतला.