गच्चीवरून उतरलेला तंबोरा

रेडिओ विकत आणला म्हणजे झालं, असं आमच्या लहानपणी नव्हतं. पेटी घरात यायची, पोस्टात जाऊन परवाना काढला जायचा आणि मग खरी तयारी सुरू व्हायची ती एरियलची. तांब्याच्या बारीक तारांची विणलेली चपटी पट्टी बाजारात मिळे. खोलीच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, छताखाली वीतभर अंतर ठेवून ती ताणून बांधायची. दोन्ही टोकांना इन्सुलेटर, आणि एका टोकापासून खाली रेडिओपर्यंत सोडलेली तार. दुसरी तार, म्हणजे अर्थिंग, मोरीतल्या नळाला गुंडाळलेली. नवी पट्टी उन्हात अशी चमकायची की दिवाळीला घर झाडताना आई तिच्यावरून फडकं मारायचीच, आणि बाबा दरवेळी म्हणायचे, "अगं, हळू. तुटली तर सिलोन जाईल."

सिलोन जाणं ही साधी गोष्ट नव्हती. १९५२ साली सुरू झालेली रेडिओ सिलोनची बिनाका गीतमाला बुधवारी रात्री आठ वाजता लागायची आणि ती पंचवीस मीटरवर पकडायची तर अशी एरियल हवीच. आमच्याकडे मर्फी होता. मर्फीचा कारखाना ठाण्याला, म्हणून डोंबिवलीत या रेडिओबद्दल एक घरचा जिव्हाळा असे. वॉल्व्ह तापायला वेळ लागे. मग हिरवा मॅजिक आय हळूहळू उजळायचा आणि स्टेशन नेमकं लागलं की त्याची पाकळी मिटायची. एरियल काढून ठेवली तर तीच पाकळी सताड उघडी राहायची. लांब तारेला एवढं महत्त्व का, ते मला पुढे कळलं. मुंबई 'ब' केंद्र ५५८ किलोहर्ट्झवर. त्या लहरीची लांबी अर्ध्या किलोमीटरहून जास्त. एवढ्या लांब लहरीपुढे घरातली कुठलीही तार आखूडच, म्हणून जेवढी जास्त टांगाल तेवढी हवी असायची.

डोंबिवलीत आणखी एक अडचण होती ती लोकलची. घर रुळांपासून फार लांब नाही. गाडी निघाली, पेंटोग्राफ वरच्या तारेवर ठिणग्या उडवत गेला की प्रादेशिक बातम्यांवर करकर पसरायची. मध्यम लहरींवर आवाज येतो तो लहरीच्या कमी-जास्त उंचीतून, आणि ठिणगी नेमकी तीच उंची बिघडवते. एरियल कितीही चांगली बांधा, ठिणगीही तीतूनच आत येणार. 'प्रपंच' या श्रुतिकेतल्या टेकाडे भावजींचं अर्धं वाक्य कल्याण लोकलनं नेलं, असं कितीदा झालं आहे. ते अर्धं वाक्य आम्ही आपसात जुळवून घ्यायचो.

नव्वदीच्या दशकात दादा मस्कतहून रिसीव्हर घेऊन आला. ट्यूनर आणि अॅम्प्लिफायर एकाच काळ्या पेटीत, दोन भारदस्त स्पीकर, समोर हिरवे आकडे. त्यानं एक गोष्ट बघून घेतली होती. जपानात तेव्हा एफएमचा पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ होता. तिथल्या बाजारासाठी बनवलेला सेट कुणी हौसेनं आणला तर मुंबईचं १०७.१ त्यावर लागायचंच नाही. आमचा १०८पर्यंत जाणारा होता. १९९३ साली आकाशवाणीनं मुंबई-दिल्लीच्या एफएमवरचे काही तास खासगी संस्थांना दिल्यापासून एफएम हा शब्द कॉलेजातल्या पोरांच्या तोंडी झाला होता. आमच्या घरातली ओढ मात्र निराळी. आईला गाणं ऐकायचं होतं, करकर वगळून.

रिसीव्हरच्या खोक्यात टी आकाराची एक चपटी वायर होती. ती शोकेसच्या मागे चिकटवली. स्टेशन लागलं, पण 'स्टीरिओ'चा लाल दिवा लुकलुकत राहिला आणि मागे सतत सळसळ. बटण दाबून मोनो केलं की सळसळ गायब, पण मग दोन स्पीकर असून नसल्यासारखे. दादाला वाटलं पेटीतच खोट आहे, दुकानदाराला पत्र लिहायला बसला होता.

काका मध्य रेल्वेच्या सिग्नल आणि टेलिकॉम खात्यातले. त्यांनी पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. शोकेसच्या मागे हात घालून वायर ओढून काढली आणि विचारलं, "ही गोदरेजच्या कपाटाला टेकवलीय कुणी?" मग खुर्ची ओढून समजावत बसले. स्टीरिओमध्ये डाव्या-उजव्यातला फरक वेगळा, वरच्या कंपनसंख्येवर बसवून पाठवतात. १९ किलोहर्ट्झची एक खूण त्याच्यासोबत असते, ती सापडली की दिवा लागतो. पण हा फरक फार नाजूक. मोनोला जेवढा सिग्नल पुरतो त्याच्या कितीतरी पट जास्त स्टीरिओला लागतो. आणि मुंबईकडून येणारी लहर पारसिकच्या डोंगराला चुकवत येणार, मग चार इमारतींवर आपटणार, मग आपल्या भिंतीतून आत शिरणार. "आवाज पेटीत नसतो रे," ते म्हणाले, "तारेत असतो. पेटी फक्त तो मोठा करते."

केबल आल्यामुळे तेव्हा गच्च्यांवर टीव्हीच्या अँटेना बेवारस पडल्या होत्या. काकांनी आमचीच खाली उतरवली. हिशेब त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला केला, तो कागद आईनं बरीच वर्षं जपला होता. ३०० भागिले १०७.१, म्हणजे लहर दोन मीटर ऐंशी. तिची निम्मी एक मीटर चाळीस. धातूत लांबी थोडी कमी धरावी लागते म्हणून पाच टक्के वजा, राहिले एक मीटर तेहतीस. त्याचे दोन भाग, प्रत्येकी साधारण ६७ सेंटिमीटर. हॅक्सॉ ब्लेडनं अॅल्युमिनियमची नळी कापली, कडा कानशीनं घासल्या. दोन नळ्या एका बेकेलाइटच्या तुकड्यावर, मधे बोटभर फट ठेवून, स्क्रूनं घट्ट केल्या. मग कोअॅक्सिअल केबल. ती आणायला काका आणि मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. काकांनी चार दुकानांत केबल सोलून पाहिली. आतली तार तांब्याची, भोवतीची जाळी दाट, बोटानं बाजूला सारली तरी खालचं पांढरं दिसता कामा नये. अशी मिळेपर्यंत ते पुढच्या दुकानात जात राहिले. चपटी वायर नको म्हणाले, कारण ती भिंतीतल्या विजेच्या तारांजवळून गेली की गोंधळते. जाळीची केबल कशाजवळूनही नेता येते.

आतली तार एका नळीला, जाळी दुसऱ्या नळीला. सांध्यावर मेण वितळवून ओतलं, पावसासाठी. पहिल्या पाच-सहा फुटांत केबलचे हातभर रुंदीचे चार वेढे घालून ते बांधून टाकले. त्यानं केबल स्वतःच अँटेना होऊ पाहत नाही. पाण्याच्या टाकीशेजारी बांबू उभा केला.

दिशा लावायला मात्र पूर्ण दुपार गेली. अशा नळीला टोकाकडून काही ऐकू येत नाही, तिची कूस केंद्राकडे हवी. काकांनी आधी मुंबईचा अंदाज घेऊन ती फिरवली. दिवा लागला, पण 'स' फुटत होता. म्हणजे थेट लहर आणि समोरच्या इमारतीवरून परतलेली लहर, दोन्ही एकदम येत होत्या. मग थोडी इकडे, थोडी तिकडे, गच्चीवरून जिन्यात आणि जिन्यातून घरात निरोप. शेवटी ज्या दिशेला आवाज निवळला ती मुंबईची दिशा नव्हतीच, किंचित बाजूची होती. तिथून इमारत नळीच्या टोकाकडे येत होती, म्हणून तिचा प्रतिध्वनी गळाला. काकांनी तिथेच खिळा ठोकला.

त्या रात्री एफएमवर शास्त्रीय गायन लागलं. गवयानं तोंड उघडण्याआधी तंबोरे सुरू झाले, आणि आई ओट्यापासून बाहेर आली. मध्यम लहरीवर चार-पाच किलोहर्ट्झच्या वरचं काही फारसं पोचतच नाही. एफएमवर पंधरापर्यंत पोचतं. तंबोऱ्याची जवारी, तारेखालच्या दोऱ्यानं उघडलेली ती झणझण, सगळी त्या वरच्या सुरांत असते. मर्फीवर आम्ही वर्षानुवर्षं तंबोरा ऐकला होता, पण तो गुणगुणल्यासारखा. आता एक तंबोरा डावीकडून येत होता आणि एक उजवीकडून, खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार आपसूक वर येत होता. आई लहानपणी गाणं शिकलेली, पुढे संसारात राहिलं. हात पदराला पुसत ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "जवारी छान लावलीय हो." काकांना जन्मभरात मिळालेली ही सर्वांत मोठी पावती असावी, कारण त्यानंतर ते ती गोष्ट प्रत्येक लग्नात सांगायचे.

त्या वर्षी नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून बसलेल्या आम्हा सगळ्यांना सनईतला ओठांवरचा श्वास ऐकू आला. खाली पहिली लोकल गेली. ठिणग्या उडाल्याच असतील, पण एफएमवर आवाज लहरीच्या उंचीत नसून तिच्या कंपनसंख्येत असतो. त्यामुळे सनईला धक्का लागला नाही.

आकाशवाणी आजही एफएमवर आहे आणि अनेकांच्या माळ्यावर तशाच काळ्या पेट्या पडून आहेत, बहुतेक चालू स्थितीत. तुमची असेल तर ती खाली काढा. मागच्या बाजूला ७५ ओहमचा सॉकेट शोधा. नळ्या मिळाल्या नाहीत तर विजेच्या साध्या वायरीचे ६७ ते ७० सेंटिमीटरचे दोन तुकडे लाकडी पट्टीवर सरळ बांधले तरी चालतं, एक केबलच्या तारेला, एक जाळीला. गच्ची सोसायटीनं बंद केली असेल तर खिडकीत लावा, फक्त लोखंडी ग्रिलपासून निदान हातभर दूर ठेवा आणि आडवी लागत नसेल तर उभी करून पाहा. स्टेशन लागलं की लगेच हात काढू नका. जोरात कुठं येतं ते पाहू नका, 'स' कुठं स्वच्छ ऐकू येतो ते ऐका आणि तिथे पक्की करा. दिवाळीच्या आधीचा एक रविवार या कामाला पुरतो.