हातोडा नंतर घे

नवघर, भाईंदर (पूर्व)

भाचेबुवांस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माथेरानात घोड्यावर पर्यटक बसवून लगाम धरून चालण्यापेक्षा नालबंदी शिकतो म्हणतोस, ते मला पटलं. तुझ्या आईला मात्र धास्ती आहे, आणि ती खोटी नाही. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथली माणसाने ओढायची रिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. म्हणजे ई-रिक्षा वाढणार आणि घोड्याचं गिऱ्हाईक तुटणार. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या आपल्या डोळ्यांदेखत गेल्या. जून 2015 मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या, आणि त्या घोड्यांच्या नालबंदांचं पुढे काय होणार हे कुणी विचारलंही नाही. तरी काम उरतंच. महालक्ष्मी आणि पुण्याचं रेसकोर्स आहे, रायडिंग शिकवणारे क्लब आहेत, आणि आमच्याकडे वरातीच्या घोड्या आहेत. भाईंदर-मीरा रोडला नवरदेव अजून घोडीवरूनच येतो.

हातोडा कुठला घेऊ, असं विचारलंस. आत्ता घेऊच नकोस. खूर तासायची एक चांगली सुरी घे आणि एक मोठी कानस. नालबंदीत ठोकणं थोडं, तासणं फार. खूर महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर वाढतो, आणि तो सगळीकडे सारखा झिजत नाही. नालाखाली तर झिजतच नाही, म्हणून पाच-सहा आठवड्यांनी नाल चांगला असला तरी काढून खूर कमी करावाच लागतो. मालकाला हे पटत नाही. "अजून महिनाभर चालेल की," म्हणतो. तोवर पुढचा भाग लांबतो, टाच खाली बसते आणि सगळा ताण मागच्या शिरांवर येतो. मराठेशाहीत शिलेदाराला स्वारीआधी नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम मिळे. आताचा मालक काम झाल्यावरही आठ दिवस पैशाला फिरवतो. त्याच्या घासाघिशीपुढे नमू नकोस.

पाय उचलण्याआधी घोडा चालवून बघ, येताना आणि जाताना. मान कुठल्या पावलाला वर जाते ते बघ. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा मान वर उचलतो. मग खुरावर तळहात ठेव. खूर गरम लागला आणि त्याच्या वरच्या बाजूची नाडी जोरात उडत असली, तर नाल मारू नकोस, डॉक्टरला बोलवायला सांग. दाणा जास्त झाला की असं होतं. आतला हाडाचा आधार सुटतो, मग तुझी-माझी कारागिरी काही कामाची नाही.

आता खिळा. त्याच्या डोक्यावर ज्या बाजूला छाप असतो, ती बाजू खुराच्या आत, मधल्या भागाकडे. टोकाचा उतार आतल्या अंगाला असतो, म्हणून खिळा आत न घुसता वळून बाहेर निघतो. उलटा धरलास तर तो जिवंत भागात जाईल. तळव्याच्या कडेला एक पांढरट रेघ दिसते. तिच्या बाहेर राहायचं. ठोकताना कान उघडे ठेव. खिळा खुराच्या घट्ट कवचात जात असेल तर आवाज टणक येतो. आवाज बद्द झाला किंवा घोड्याने पाय आखडला की तिथेच थांब आणि खिळा काढ. टोक नालाच्या वर दोनेक सेंटिमीटरवर निघालं की बेतात निघालं. खुराच्या सर्वांत रुंद जागेच्या मागे खिळे मारू नकोस. वजन पडलं की टाच फाकते, त्या दाबाने पायातलं रक्त वर चढतं. टाच खिळ्यांनी जखडलीस तर ते होणार कसं? आणि शेवटी चकाकी यावी म्हणून वरून कानस फिरवायची नाही. रेसचे घोडे हलक्या ॲल्युमिनियमच्या नालावर पळतात, ते बघून माथेरानच्या दगडावर तो प्रयोग करू नकोस.

माथेरानात पेव्हर ब्लॉकवरून घोडेवाले का भांडले, हे तुला मी सांगायला नको. लोखंडी नाल गुळगुळीत ब्लॉकवर घसरतो, तांबड्या मातीत रुततो. तुझं काम तिथे याच्याशी आहे, म्हणून पाय धरण्याआधी घोडा कुठल्या वाटेवर चालतो ते विचारत जा.

इकडचा त्रास वेगळा. आमच्या नवघरपासून घोडबंदर फार लांब नाही. एके काळी तिथे अरबी घोडे जहाजातून उतरत म्हणतात. आता त्या रस्त्याला घोडी दिसली तर पोरं मोबाइल काढतात. चातुर्मासात मुहूर्त नसतात, म्हणून घोड्या चार महिने उभ्या. शेड सखल भागात, पाणी साचलेलं, खाली लीद आणि मूत. मालकाची कमाई बंद, म्हणून नालबंदही बंद. मग तळव्याच्या मधला मऊ त्रिकोण काळा पडतो, सडतो. पाय उचलला की असा वास येतो की जेवण जात नाही. यावर औषधाआधी कोरडी जागा लागते. सडलेलं कापून काढायचं, रोज खूर साफ करायचा, मोरचूद लावायचं, पण पाणी साचलंच तर सगळं वाया. मी तर म्हणतो, ज्या घोडीला चार महिने काम नाही तिचे नाल काढून टाका, महिन्याला नुसते तासा. दोन मालकांनी ऐकलं आहे, बाकीचे हसतात.

तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतात आणि त्याच्या आधी पंधरा दिवसांत सगळ्यांनाच एकदम नाल हवे असतात. मला हाताखाली माणूस लागतो. दिवाळीची भाऊबीज उरकून इकडे ये. पाय धरायला तू आणि तासायलाही तू, ठोकेन मी. सुरी घेऊन ये, पण धार लावून आणू नकोस, ती कशी लावायची ते इथेच दाखवतो.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा